निजलेल्याला हाक

पुण्यातील आमच्या घरचा संगणक झोपेतून उठवण्यासाठी आम्ही भाद्रपदातल्या पावसात दोन दिवस आहुप्याच्या कड्यावर उभे होतो, असे सांगितले की ऐकणारे हसतात. हसण्यासारखेच आहे ते. पण त्या दोन दिवसांत संगणकाविषयी आम्हांस जे कळले त्याहून अधिक आमच्याविषयी कळले, आणि म्हणून ही हकिकत लिहून ठेवावी असे वाटले.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडचे टोक. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे, आणि तिथून हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी दिसत-लपत रस्ता जो चढत जातो तो सह्याद्रीच्या धारेवर येऊन थांबतो. पुढे रस्ता नाही, कडा आहे. खाली मुरबाडकडचे कोकण, आणि त्यात गोरखगड व मच्छिंद्रगड हे दोन सुळके. घोड नदी इथलीच. भैरवनाथाची देवराई इथलीच. हिरड्याच्या झाडांवर ज्यांचे वर्षाचे मीठ-मिरची अवलंबून असते ती महादेव कोळी समाजाची घरेही इथलीच. पावसाळ्यात धुके असे दाटते की शेजारच्या घरातला दिवाही दिसत नाही.

ह्या गावात आमचे जाणे-येणे बरेच जुने. २०११ च्या हिवाळ्यात आम्ही इथल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आम्ही काही संशोधक नव्हेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्यांतल्या कित्येक 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावगावासह वाचता-ऐकता येतात. त्या कामाची वाचून भूल पडलेला एक हौशी माणूस, एवढीच आमची योग्यता. हातात मावणारे एक ध्वनिमुद्रण यंत्र, सात मुद्रणे आणि दोन वह्या. परत आलो, सर्व काही संगणकावर चढवले, नावे दिली, तारखा घातल्या आणि एक मोठे काम हातून झाल्याच्या समाधानात राहिलो.

गेल्या वर्षी भाद्रपदात आजी गेल्या. कळले तेव्हा चौथा दिवस होता. सातव्या दिवशी आम्ही आहुप्यास पोहोचलो. संध्याकाळी आजींचा नातू जवळ येऊन बसला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, आजीचा आवाज हाय ना तुमच्याकडं? दहाव्याच्या आधी एकदा ऐकवाल का सगळ्यांना?"

आवाज आमच्याकडे होता. म्हणजे पुण्यातल्या आमच्या घरी, टेबलाखालच्या पेटीत होता. चौदा वर्षांत त्याची एक प्रत ह्या घरात देण्याचे आम्हांस सुचले नव्हते, ही गोष्ट त्या क्षणापर्यंत आमच्या ध्यानातही आली नव्हती. आम्ही घाईने म्हणालो, "आहे की. इथूनच मागवून घेऊ. तशी सोय केलेली आहे."

ती सोय काय होती ते थोडक्यात सांगावयास हवे.

संगणक 'झोपतो' तेव्हा तो पुरता बंद होत नाही. पंखा थांबतो, तबकडी थांबते, पडदा काळा होतो; पण स्मृतीला थोडा वीजपुरवठा चालू राहतो आणि तारेने जोडलेल्या जाळ्याच्या कार्डालाही. हे कार्ड अर्धा कान उघडा ठेवून पडलेले असते. त्याला जागे करणारी हाक ठरलेली आहे. एएमडी ह्या कंपनीने ह्युलेट-पॅकार्डच्या साहाय्याने १९९५ च्या सुमारास ती ठरवली आणि तिला 'मॅजिक पॅकेट' असे नाव दिले. हाकेत जादू काहीच नाही. आधी सहा बाइट असे की ज्यांतला प्रत्येक बिट एक आहे, आणि मग ज्याला उठवायचे त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता लागोपाठ सोळा वेळा. सारे मिळून १०२ बाइट. आधी एक लांब आरोळी आणि मग सोळा वेळा नाव! घराघरांतल्या आया शाळेच्या वेळी ह्याहून निराळे काय करतात? कार्डाला आपले नाव सोळा वेळा ऐकू आले की ते संगणकास उठवते. दुसऱ्याच्या नावाला ते ओ देत नाही.

घरातल्या घरात ही हाक सोपी. ती साऱ्या जाळ्यावर ओरडून देता येते. बाहेरून द्यायची तर दाराशी राउटर बसलेला. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आतल्या यंत्रांचे पत्ते खाजगी. त्यातून हल्ली बरेच जोडणीदार शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, म्हणजे मग दारावर कोणाला येताच येत नाही. त्यासाठी आम्ही दरमहा जास्तीचे पैसे मोजून आमचा स्वतंत्र, न बदलणारा पत्ता घेतला होता. राउटरला सांगून ठेवले होते की नवव्या पोर्टावर काही आले तर ते १९२.१६८.१.१० ह्या आतल्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या संगणकाकडे, पोहोचते करावे. संगणक जागा झाला की फाइली देणारा प्रोग्राम आपोआप सुरू होई. निघण्यापूर्वी चाचणीही घेतली होती: संगणक निजवला, जिना उतरून फाटकाशी गेलो, भ्रमणध्वनीवरून हाक धाडली, धावत वर आलो, तो पंखा फिरत होता. ह्याहून अधिक पुरावा कोणाला हवा?

आठव्या दिवशी सकाळी नातवाने आम्हांस कड्यावर नेले. गावात फोनला जाळे नाही; कड्याच्या एका विशिष्ट दगडावर उभे राहिले की खालच्या कोकणातल्या कुठल्याशा मनोऱ्याचे मिळते. छत्री वाऱ्याने उलटी होत होती. आम्ही हाक धाडली, पाच मिनिटे थांबलो. संगणक उठला नाही. पुन्हा धाडली. मग दहा वेळा धाडली. नातू शेजारी उभा राहून भक्तिभावाने पाहत होता, आणि त्याचाच आम्हांस अधिक त्रास होत होता.

बिघाड शोधण्याचे काम हे वैद्यकीसारखे असते. जे धड आहे ते आधी बाजूला काढावे. राउटरच्या ॲपमध्ये बाहेरून शिरता येत होते. अर्थात घरची वीज चालू, जोडणी चालू, राउटर जागा. बाहेरचा पत्ता तोच. नवव्या पोर्टाचा नियम जागच्या जागी. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत मात्र संगणकाचे नाव नव्हते. ते निजलेल्याचे नसायचेच, असे म्हणून आम्ही पुढे जाणार तोच मनात काही चमकले. यादीत नाव नाही, तर राउटर आमची हाक कोणाकडे नेतो आहे?

दोष इथे होता. राउटरला आम्ही दिलेला १९२.१६८.१.१० हा पत्ता म्हणजे केवळ घरक्रमांक. तारेवरून काही पोहोचवायचे तर त्याला मॅक पत्ता लागतो. तो विचारून घेतो: 'अमुक क्रमांकाचे कोण?' ज्याचा क्रमांक असेल तो उत्तर देतो, आणि राउटर ते थोडा वेळ लक्षात ठेवतो. हा थोडा वेळ काही मिनिटांचाच असतो. मग तो विसरतो आणि पुन्हा विचारतो. काही नव्या कार्डांना झोपेतही ह्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आमच्या जुन्या कार्डाला येत नाही. म्हणजे प्रकार असा, की वाडीवर नवा पोस्टमन येतो, अमक्याचे घर कोणते म्हणून विचारतो, अमका झोपलेला असतो, आणि पोस्टमन पत्र घेऊन परत जातो. पत्रात लिहिलेले असते: 'उठ.'

फाटकाशी घेतलेली चाचणी का जमली तेही मग उलगडले. संगणक निजून तीनच मिनिटे झाली होती. राउटर अजून विसरला नव्हता. ज्याला आम्ही पुरावा समजलो तो नुकत्याच ऐकलेल्या नावाचा प्रतिध्वनी होता.

मग हाक एका पत्त्यावर न पाठवता घरातल्या सर्वांना ऐकू जाईल अशी का पाठवू नये? तसा पत्ता असतो. आमच्या घरच्या जाळ्यात तो २५५ ने संपतो. पण बाहेरून आलेली वस्तू आतल्या सर्वांना वाटणे राउटर मान्य करीत नाहीत. १९९० च्या दशकाअखेरी काही उपद्व्यापी लोकांनी ह्याच सोयीचा हत्यारासारखा वापर केला. एक प्रश्न साऱ्या जाळ्याला ओरडून विचारायचा आणि शेकडो उत्तरांचा लोंढा तिसऱ्याच्याच अंगावर सोडायचा, अशी ती युक्ती. त्यामुळे ऑगस्ट १९९९ मध्ये इंटरनेटच्या नियमांत दुरुस्ती होऊन ही वाट मुळातच बंद ठेवावी असे ठरले. आमच्या राउटरनेही २५५ हा आकडा पाहताच नकार दिला. शहाणपणाचा नकार, पण आमच्या छत्रीचे त्याने काही भले झाले नाही.

एक उपाय उरला. राउटरच्या तक्त्यात घरक्रमांक आणि मॅक पत्ता ह्यांची कायमची गाठ मारता येते, म्हणजे त्याने विचारायचे कारण उरत नाही. आम्ही पूर्वी संगणकासाठी तो क्रमांक 'राखून' ठेवला होता आणि तेच पुरेसे समजलो होतो. राखणे आणि बांधणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राखल्याने संगणक जागा होऊन पत्ता मागेल तेव्हा तोच पत्ता मिळतो, इतकेच. बांधल्याने तो निजलेला असतानाही राउटर त्याला ओळखतो. दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा आम्ही ती गाठ मारली आणि मोठ्या विश्वासाने हाक धाडली.

संगणक उठला नाही.

त्या रात्री आजींच्या पडवीत झोप आली नाही. खाली मुरबाडकडे विजा चमकत होत्या. चातुर्मास चालू होता. देव आषाढी एकादशीला निजतात ते कार्तिकीला उठतात, तोवर त्यांनाही कोणी उठवीत नाही, असा एक विनोद मनात आला आणि तिथेच विरला. त्याऐवजी माळीण आठवले. माळीणही ह्याच तालुक्यातले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून ते गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. ती बातमी बाहेर नेली ती कुठल्या मनोऱ्याने नव्हे, रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या चालकाने. त्या वर्षी आम्ही स्वतःशी म्हटल्याचे आठवत होते, की आजींचा आवाज पुण्यात आहे हे बरे झाले, तिथे तो सुरक्षित आहे. डोंगराखालच्या घरात ठेवलेली वस्तू मातीखाली जाऊ शकते, हे खरेच. पण सुरक्षित राहावी म्हणून एक प्रत पुण्यात ठेवणे निराळे, आणि पुण्याखेरीज कुठेच नसणे निराळे. दुसरे करून आम्ही पहिल्याचे पुण्य घेत होतो.

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा दगडावर. ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. राउटरचे प्रत्येक पान वाचले. एका पानाच्या तळाशी, तिकडे कोणी पाहत नाही अशा जागी, राउटर किती वेळ अखंड चालू आहे ते लिहिलेले असते. तिथे होते: ४३ तास. आम्ही घर सोडून तर तीन दिवस होत आले होते. म्हणजे मध्ये केव्हातरी राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला होता. राउटर स्वतःहून असे करीत नाही.

शेजारच्या काकूंना फोन लावला. "परवा दुपारी आपल्याकडे दिवे गेले होते का हो, काकू?"

"गेले होते की! चांगले दीड तास. पण तुम्हांला तिकडे डोंगरात कसे कळले?"

कळायचे ते सारे कळले. वीज जाताच संगणकाची झोपही गेली. पण जाग येऊन नव्हे. स्मृतीला मिळणारा पुरवठा तुटला आणि तो पुरता बंद पडला. वीज परतली तेव्हा राउटर, ज्याला निजणे ठाऊकच नाही, आपोआप चालू झाला. संगणक तसाच पडून राहिला. आणि आमच्यासारख्या जुन्या यंत्रांत कार्डाला कान उघडा ठेवण्याची आज्ञा संगणकच बंद होताना देतो. वीज तुटल्याने ती आज्ञा पुसली गेली होती. आता सोळा वेळा काय, सोळाशे वेळा नाव घेतले असते तरी ऐकणारे कोणी नव्हते. निजलेल्याला हाकेने उठवता येते. हे त्यापुढचे होते.

काकूंकडे किल्ली असते. त्या आमच्या घरात गेल्या, फोन कानाशी धरूनच टेबलाखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हे गोल बटण का? दाबले हं. लागला फिरायला."

दोन दिवस, १०२ बाइट, एक राउटर, एक बांधलेली गाठ. शेवटी काम झाले ते शेजारणीच्या बोटाने.

मूळ मुद्रण एकशेसोळा मेगाबाइटचे. ते त्या दगडावर उतरणे शक्यच नव्हते. सुदैवाने त्याच अकरा मिनिटांची आकुंचित प्रत, सुमारे दहा मेगाबाइटची, शेजारीच ठेवलेली होती. ती उतरायला जवळजवळ तास लागला. नातवाने फोन धरला, आम्ही छत्री धरली.

संध्याकाळी पडवीत वीस-पंचवीस माणसे जमली. आधी जात्याची घरघर आली, मग आजींचा आवाज. कोणी रडले नाही. सगळे पुढे वाकून ऐकत होते. मध्येच मागे एका लहान मुलाचे रडणे ऐकू आले, तेव्हा एक बाई नातवाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्योच त्यो." तो तेव्हा पाच वर्षांचा होता. लोक हसले. एका ओवीत आम्ही आमच्या वहीत 'हिरवा' असे उतरवून घेतले होते. तो शब्द 'हिरडा' होता, हे तिथल्या सर्वांना पहिल्याच ऐकण्यात कळले. एवढा सरळ शब्द! आणि ती ओवी आम्ही त्या चुकीसह दोन ठिकाणी वाचून दाखवली होती, तिच्यातल्या हिरव्या रंगाविषयी चार वाक्ये बोललोही होतो.

नवव्या मिनिटाला जाते थांबले आणि एक परका, शहरी आवाज म्हणाला, "थांबा हं आजी, पुन्हा एकदा सुरुवातीपासून घेऊ." तो आमचा होता. मागून कुणी बोलले असावे आणि मुद्रण बिघडले असावे. आम्हांस आता आठवत नाही. आजींनी पुन्हा सुरुवात केली ती दुसऱ्याच ओवीने. पहिली तिथेच राहिली.

आजींची लेक आमच्याकडे पाहून म्हणाली, "मधीच थांबवलंत की हो तिला." तक्रारीचा सूर नव्हता. जे दिसले ते म्हटले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ती अर्धी ओवी पुढे काय होती हे तिथे एका म्हातारीला ठाऊक होते. तिने ती पुरी करून म्हटली, आपल्या आवाजात, आणि मग पुन्हा फोनमधला आवाज लावला गेला. दुसऱ्या दिवशी दहावा झाला, आणि आम्ही घोडेगावची एसटी धरली.

घरी आल्यावर आम्ही आधी संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन, वीज परतली की स्वतःहून सुरू व्हावे, असे त्याला सांगितले. बंद असताना कार्डाची वीज तोडणारी बचतीची तरतूद काढली. विंडोजची लवकर सुरू होण्याची युक्तीही काढली, कारण तीही असल्या हाकेच्या आड येते. गाठीची परीक्षा घेतली: गाठ सोडून संगणक अर्धा तास निजवला, बाहेरून हाक दिली, उठला नाही, गाठ मारली, उठला. तेव्हा आमचे पहिले निदान चुकलेले नव्हते. रोग दोन होते, आणि एक बरा केल्याशिवाय दुसरा दिसला नसता. कोणा वाचकाला असाच प्रसंग आला तर त्याने चाचणी निजल्यावर तीन मिनिटांनी न घेता तासाभराने घ्यावी आणि एकदा मुख्य बटण बंद-चालू करूनही घ्यावी, एवढे आम्ही अनुभवाने सांगू.

मग सातही मुद्रणे, मूळ आणि आकुंचित अशी दोन्ही, चार लहान कार्डांवर उतरवली. दिवाळीनंतर आहुप्यास जाऊन एक नातवाला दिले, एक लेकीला, आणि एक ओवी पुरी करणाऱ्या म्हातारीच्या घरी. चौथे आमच्याजवळ आहे. वहीतला शब्द दुरुस्त केला, आणि आजींच्या नावाखाली त्या म्हातारीचेही नाव लिहिले. तिने पुरी केलेली ओवी ह्या खेपेस मुद्रित करून घेतली, मध्ये न बोलता. तिची प्रत त्याच संध्याकाळी तिच्या घरातल्या फोनवर ठेवली.

संगणक आता हाकेला बिनचूक ओ देतो. हाक देण्याचे काम मात्र फारसे पडत नाही.